एन्रिको कारुसोची ध्वनिमुद्रणे

एन्रिको कारुसो (जन्म : २५ फेब्रुवारी १८७३, नेपल्स, मृत्यू : २ ऑगस्ट १९२१, नेपल्स) हा जगद्विख्यात इटालियन ऑपेरागायक होता. पाश्चात्त्य संगीतातील पुरुषी आवाजांच्या वर्गीकरणात त्याचा आवाज 'टेनर' या उंच प्रकारात मोडतो. १९०२ ते १९२० या काळात त्याने सुमारे अडीचशे ध्वनिमुद्रणे केली. ती सर्व मायक्रोफोनपूर्व काळातील आहेत. विद्युत पद्धतीचे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये व्यापारी वापरात आले, तेव्हा कारुसोच्या मृत्यूला चार वर्षे होत आली होती. आज त्याचा आवाज म्हणून जे ऐकू येते ते एका धातूच्या कर्ण्याने टिपलेले आणि पुढे अनेकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे दुरुस्त केलेले आहे. या ध्वनिमुद्रणांचे मोल ठरवताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

मिलानमधील सुरुवात

मार्च १९०२ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात आल्बेर्तो फ्रांकेत्तीच्या 'जेर्मानिया' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्यात कारुसोची मुख्य भूमिका होती. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग त्या सुमारास मिलानमध्ये होता. त्याने कारुसोशी बोलणे केले आणि दहा गाण्यांचे १०० पौंड असा सौदा ठरला. लंडनच्या कार्यालयाला ही रक्कम अवाजवी वाटली व त्यांनी तारेने नकार कळवला, पण गाइसबर्गने स्वतःच्या जबाबदारीवर काम पुढे नेले, असे सांगितले जाते. ही हकिकत मुख्यतः गाइसबर्गच्या आठवणींवर आधारलेली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

११ एप्रिल १९०२ रोजी ग्रँड हॉटेलातील एका खोलीत ही दहा गाणी ध्वनिमुद्रित झाली. याच हॉटेलात आदल्या वर्षी जानेवारीत जुझेप्पे वेर्दी या श्रेष्ठ संगीतकाराचा मृत्यू झाला होता. साथीला केवळ पियानो होता. वादक साल्वातोरे कोत्तोने. 'जेर्मानिया'तील दोन गाणी, वेर्दीच्या 'रिगोलेत्तो' व 'आयदा'मधील प्रत्येकी एक, पुच्चिनीच्या 'तोस्का'तील 'ए लुचेव्हान ले स्तेल्ले' आणि दोनिझेत्तीच्या 'लेलिझिर दामोरे'मधील 'उना फुर्तिव्हा लाग्रिमा' ही त्यांपैकी काही. या तबकड्यांत घाई जाणवते. पियानो दूरच्या खोलीत वाजत असल्यासारखा ऐकू येतो. आवाज मात्र समोर येऊन उभा राहतो, आणि तोवर यंत्राकडे खेळणे म्हणून पाहणारे अनेक गायक पुढे ध्वनिमुद्रणाला तयार झाले ते बऱ्याच अंशी या तबकड्यांमुळे.

त्याच वर्षी गाइसबर्ग भारतात आला व नोव्हेंबरमध्ये त्याने कलकत्त्यात गौहर जान हिचे गायन ध्वनिमुद्रित केले. ख्याल-ठुमरीला तबकडीच्या तीन-चार मिनिटांत बसवण्याची जी अडचण भारतीय गायकांपुढे आली, तीच ऑपेरागायकांपुढेही होती. कारुसोच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत कडवी गाळलेली आहेत किंवा लय मुद्दाम वाढवलेली आहे.

कर्ण्यासमोरचे गायन

त्या काळच्या पद्धतीत गायक एका रुंद तोंडाच्या कर्ण्यासमोर उभा राही. आवाजाच्या लहरींनी कर्ण्याच्या टोकाला बसवलेला पातळ पडदा कंप पावे व त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर चर कोरे. यात विजेचा वा ध्वनिवर्धनाचा भाग नव्हता. चर कोरण्याची सारी शक्ती गायकाच्या श्वासातून यायची. ऐन वरचा स्वर लावताना गायकाला मागे सरकावे लागे आणि हळुवार जागी कर्ण्याच्या तोंडाशी यावे लागे. मधेच चूक झाली तर ते मेण टाकून नव्याने गाणे, एवढाच उपाय होता. दोन प्रयत्नांतील चांगले तुकडे जोडण्याची सोय नव्हती.

कर्ण्याला खालचे खर्जातले नाद आणि अतिउंच उपस्वर टिपता येत नसत. व्हायोलिनचा आवाज फारच क्षीण पडे, म्हणून पेटीच्या जागी धातूचा कर्णा बसवलेले स्त्रो व्हायोलिन वापरत. डबल बेसचे काम अनेकदा ट्यूबा करी. कारुसोच्या ध्वनिमुद्रिकांतील वाद्यवृंद बँडसारखा वाजतो तो यामुळे. स्त्रियांचे उंच आवाज या यंत्रावर बारीक व कोरडे होत. कारुसोच्या आवाजाचा मध्य भरदार होता, त्याला बॅरिटोनसारखा गडद रंग होता, आणि त्याची बहुतेक शक्ती कर्ण्याला पेलणाऱ्या पट्ट्यातच होती. कारुसोने ग्रामोफोनला प्रतिष्ठा दिली आणि ग्रामोफोनने कारुसोला, असे म्हटले जाते. ते खरे असले तरी या योगायोगाचा वाटाही त्यात आहे. ज्यांचा आवाज कर्ण्याला मानवला नाही असे त्याचे समकालीन आज त्यामानाने फिके वाटतात.

व्हिक्टर कंपनीचा काळ

२३ नोव्हेंबर १९०३ रोजी कारुसोने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'रिगोलेत्तो'तून पदार्पण केले. १ फेब्रुवारी १९०४ रोजी त्याने कार्नेगी हॉल इमारतीतील एका खोलीत व्हिक्टर कंपनीसाठी पहिली गाणी गायली आणि तेव्हापासून अखेरपर्यंत तो याच कंपनीकडे राहिला. १९०६ पासून पियानोऐवजी वाद्यवृंदाची साथ आली. 'रेड सील' या लाल लेबलाच्या एकतर्फी तबकड्या महाग असत. १९०८ मध्ये 'लुचिया दि लाम्मेरमूर'मधील सहा गायकांच्या प्रसिद्ध समूहगीताची एक तबकडी ७ डॉलरना विकली जाई.

लेओनकाव्हाल्लोच्या 'पाल्याच्ची'मधील 'व्हेस्ती ला जुब्बा' हे गाणे त्याने १९०२, १९०४ व १९०७ असे तीनदा ध्वनिमुद्रित केले. दहा लाख प्रती खपलेली ही पहिली ध्वनिमुद्रिका होय, असे सर्रास लिहिले जाते. मात्र कोणती आवृत्ती व कोणत्या काळातील खप, याबाबत हे लेखन क्वचितच काटेकोर असते. १९०७ ची आवृत्ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ मध्ये आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या पहिल्याच यादीत समाविष्ट केली.

ध्वनिमुद्रणांचा संग्रह म्हणजे रंगमंचीय कारकिर्दीचा आरसा नव्हे. पुच्चिनीच्या 'ला फांचुल्ला देल वेस्ट'चा पहिला प्रयोग १० डिसेंबर १९१० रोजी मेट्रोपॉलिटनमध्ये झाला व नायकाची भूमिका कारुसोने केली. पण त्यातील एकही ओळ त्याने ध्वनिमुद्रित केली नाही. उलट वेर्दीच्या 'ओतेल्लो'ची भूमिका त्याने रंगमंचावर कधीच केली नाही, आणि तरीही बॅरिटोन तित्ता रुफ्फो याच्यासह १९१४ मध्ये गायलेले त्यातील शपथेचे युगुलगीत त्याच्या सर्वांत थरारक ध्वनिमुद्रिकांपैकी एक आहे. पुच्चिनीच्या 'ला बोहेम'मधील जुन्या कोटाला उद्देशून असलेले गाणे मुळात बास या सर्वांत खालच्या आवाजासाठी लिहिलेले आहे. फिलाडेल्फियातील एका प्रयोगात सहगायकाचा घसा बसल्याने कारुसोने ते प्रेक्षकांना पाठमोरा होऊन निभावून नेले, अशी आख्यायिका आहे. १९१६ मध्ये त्याने ते ध्वनिमुद्रितही केले, पण विक्रीसाठी काढू दिले नाही.

नेपल्समधील श्रोत्यांच्या थंड स्वागताने दुखावून त्याने १९०१ नंतर त्या शहरात जाहीरपणे न गाण्याचे ठरवले व ते पाळले. पण 'कोरे इंग्रातो' (१९११) व 'ओ सोले मिओ' (१९१६) यांसारखी नेपल्सच्या बोलीतील गाणी त्याच्याच तबकड्यांनी दूरदूर पोचवली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण इटलीच्या कष्टकरी कुटुंबांत त्या विशेष प्रिय होत्या.

एकच गाणे, तीन वेळा

कारुसोच्या आवाजातील बदल समजून घेण्यासाठी 'उना फुर्तिव्हा लाग्रिमा'ची १९०२, १९०४ व १९११ ची ध्वनिमुद्रणे ओळीने ऐकणे उपयुक्त ठरते. पहिल्यात तरुण, हलका, काहीसा अधीर आवाज आहे. १९०४ मध्ये पियानोच्याच साथीवर तो सावकाश, स्वरावर रेंगाळत गातो. गाण्याच्या शेवटची मुक्त आलापी या वेळी सर्वाधिक मोकळी आहे. १९०९ मध्ये त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली होती. १९११ चा आवाज जड, गडद आणि अधिक भावनाप्रधान आहे. हा बदल वयाचा, शस्त्रक्रियेचा, जड भूमिकांचा की सुधारलेल्या यंत्राचा, हे कानांनी वेगळे काढणे कठीण आहे. जाणकारांत १९०४ च्या ध्वनिमुद्रणाला पसंती देणारे बरेच आहेत, आणि ती पसंती सार्थ वाटते.

अखेरची ध्वनिमुद्रणे सप्टेंबर १९२० मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे, व्हिक्टरने विकत घेतलेल्या एका चर्चच्या इमारतीत झाली. १४ सप्टेंबरला गायलेल्या आलेव्हीच्या 'ला जुईव्ह'मधील गाण्यात श्वास पूर्वीइतका लांब नाही, पण शब्दांमागची वेदना आधीच्या कोणत्याही तबकडीत नाही इतकी उघडी आहे. १६ सप्टेंबरला त्याने रोसिनीच्या धार्मिक रचनेतील भाग गायले. डिसेंबरमध्ये त्याची प्रकृती ढासळली आणि पुन्हा ध्वनिमुद्रण झाले नाही.

वेग आणि पट्टी

या तबकड्यांना '७८ फेऱ्यांच्या' म्हणण्याची रूढी असली तरी त्या काळी वेग प्रमाणित नव्हता. मिनिटाला ७४ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एकचे गाणे काळी एकमध्ये जाते. त्याबरोबर लय वाढते आणि आवाजाचा पोतही पातळ होतो. मूळ स्वरलिपीतील पट्टी पाहून वेग ठरवावा तर तेही नेहमी जमत नाही, कारण कारुसो काही गाणी अर्धा स्वर खाली घेत असे. 'इल त्रोव्हातोरे'तील 'दि क्वेल्ला पिरा' (१९०६) हे याचे परिचित उदाहरण. कित्येक स्वस्त पुनर्मुद्रणांत ऐकू येणारा किनरा कारुसो हा निव्वळ चुकीच्या वेगाचा परिणाम आहे.

पुनर्मुद्रणे

१९३० च्या दशकात व्हिक्टरने जुन्या तबकड्यांवर नव्या वाद्यवृंदाची विद्युत ध्वनिमुद्रणे चढवली. विक्री झाली, पण मूळ साथ पुसण्याच्या खटपटीत आवाजही दबला. शतकाच्या शेवटी व्हिएन्नातील वाद्यवृंद घेऊन हाच प्रयोग पुन्हा करण्यात आला.

वेगळी दिशा युटा विद्यापीठातील अभियंता थॉमस स्टॉकहॅम याने दाखवली. कर्ण्याच्या स्वतःच्या अनुनादामुळे काही स्वर फुगतात व काही दबतात. स्टॉकहॅमने संगणकाच्या साहाय्याने हा अनुनाद मोजून वजा करण्याची पद्धत विकसित केली आणि आरसीए कंपनीने १९७६ मध्ये अशी संस्कारित ध्वनिमुद्रणे प्रकाशित केली. त्यांतील आवाज अधिक सलग व कमी पत्र्याचा वाटतो. आक्षेप असा घेतला गेला की या गणितासाठी नंतरच्या काळातील दुसऱ्या टेनरचे ध्वनिमुद्रण नमुना म्हणून वापरावे लागते, म्हणजे मिळणारा कारुसो काही अंशी अनुमानित असतो.

ध्वनितज्ज्ञ वॉर्ड मार्स्टन याने नाक्सोस कंपनीसाठी केलेली १२ भागांची मालिका संयमी मानली जाते. चांगल्या प्रती मिळवणे, प्रत्येक तबकडीचा वेग स्वतंत्रपणे ठरवणे आणि खरखर आवाजाला धक्का लागणार नाही इतकीच कमी करणे, असे तिचे धोरण आहे. नव्या श्रोत्याला ती सुरुवातीला करकरीत वाटते, पण चार-पाच गाण्यांत कान सरावतो.

१ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत १९२३ पूर्वीची प्रकाशित ध्वनिमुद्रणे स्वामित्वहक्कमुक्त झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'नॅशनल ज्यूकबॉक्स' या संकेतस्थळावर व्हिक्टरच्या जुन्या तबकड्या विनामूल्य ऐकता येतात व त्यांत कारुसोच्या अनेक तबकड्या आहेत.