बोरघाटातील रेल्वे इंजिने : दट्ट्या आणि दांडा

मावळ व कोकण यांना जोडणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. लोणावळ्याकडे येणारा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र असल्याने वाफेच्या इंजिनांचे दट्टे व दांडे यांची येथे कसोटी लागे. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि ‘खेकडा’ हे स्विस धर्तीचे मालवाहू इंजिन घाटात रुळले. त्यात दट्ट्याची जागा विद्युत मोटारीने घेतली; चाके जोडणारा दांडा मात्र कायम राहिला. कारण दांड्याने एकत्र जखडलेल्या तीन जोड्यांपैकी एकटीच जोडी चढावर घसरू शकत नाही. सारांश, नवे तंत्र जुन्यास सरसकट हद्दपार करते, हे गृहीतक इतिहासलेखनात तपासून घेणे आवश्यक ठरते.