स्वरयंत्र

धरमतर खाडीकाठच्या डोलवीत ‘यंत्र’ म्हटलं की पोलाद कारखानाच डोळ्यांपुढे येतो. मग नरड्यातल्या लवचीक कूर्चांना ‘स्वरयंत्र’ का म्हणायचं? ‘यंत्र’च्या मुळाशी संस्कृत ‘यम्’ धातू आहे: आवरणं, ताब्यात ठेवणं. ‘संयम’, ‘नियम’ त्याच घरातले. आणि या अवयवाचं पहिलं काम गाणं नव्हेच. घास गिळताना श्वासाची वाट बंद करणं. त्यात जरा चूक झाली की ठसका लागतो, अन् आजी म्हणते, कुणीतरी आठवण काढली! १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनगुरूने दंतवैद्याच्या आरशातून स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. डॉक्टरांना स्वरयंत्राच्या वैद्यकशाखेची वाट दाखवली ती गवयाने. दवाखान्याच्या पाटीवर मात्र ती सगळी ‘घसा’ या दोन अक्षरांत मावते.