शाळा लवकर सुटते तेव्हा: दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

इयरफोन विसरलेल्यांसाठी आणि बसमध्ये उभं राहून वाचणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतेय. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी तसंच आहे.

मी वढू बुद्रुकची. शंभूराजांची समाधी आमच्या गावात आहे, त्यामुळे गावाचं नाव तुम्ही ऐकलेलं असणारच. पण आजचा विषय समाधी नाही. आज मला माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल आणि सरकारी पैशाबद्दल बोलायचंय.

आठवीत आम्ही दोघांनी एनएमएमएसची परीक्षा दिली. म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. ही योजना 2008 साली सुरू झाली. तेव्हा वर्षाला 6000 रुपये मिळायचे, नववी ते बारावी, चार वर्षं. आम्ही दोघंही पास झालो. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होता, हे मी आज मोकळेपणाने सांगते, तेव्हा सांगितलं नसतं. नववीचे पैसे खात्यावर आले तेव्हा आम्ही दहावीत होतो. अकरावीनंतर त्याच्या घरी अडचण आली आणि बारावीची परीक्षा न देताच तो सणसवाडीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे लागला. पहिल्या महिन्याचा पगार सहा हजार आठशे. एका महिन्यात वर्षाच्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त! बारावीचे पैसे अर्थातच बंद झाले. शाळा सोडली की हक्क संपला.

हे सगळं परवा अचानक आठवलं, कारण अमेरिकेतल्या इंडियाना राज्याबद्दल वाचत होते. तिथे 2011 पासून एक योजना आहे. ठरलेल्या वेळेच्या निदान एक वर्ष आधी जो हायस्कूल पूर्ण करेल, त्याला कॉलेजसाठी 4000 डॉलर. हिशेब सोपा आहे: मूल एक वर्ष आधी बाहेर पडलं की शाळेवरचा एक वर्षाचा खर्च वाचतो, त्यातला थोडा त्यालाच द्यायचा. वाचून मला हसूच आलं. तिथे शाळा लवकर सोडणाऱ्याला सरकार पैसे देतं. आमच्याकडे सरकार पैसे देतं ते मुलानं शाळा लवकर सोडू नये म्हणून.

पण हसून झाल्यावर लक्षात आलं, दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. हा पैसा नसता तर त्या मुलानं काय केलं असतं? ज्याला घरी सगळं आहे, चांगली शाळा आहे, तो पैसे नसतानाही वर्षभर आधीच सुटला असता. मग सरकारनं नक्की काय विकत घेतलं?

आणि हा प्रश्न विचारणारी पहिली माणसं आपल्या पुण्यातलीच आहेत, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची. थोडं मागे जाऊया.

पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. प्रथा मूळची तळेगावची, सेनापती दाभाड्यांची. (शिरूरकरांनो, तळेगाव म्हटलं की आपल्याला ढमढेरे आठवतं, पण हे मावळातलं तळेगाव दाभाडे.) 1731 मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि दक्षिणेचा कारभार पुण्यात पेशव्यांकडे आला. पुढे खर्च लाखांत गेला. 1818 नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही, एल्फिन्स्टननं वर्षाला 50,000 रुपयांच्या आसपास चालू ठेवली. त्यातल्याच पैशातून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे विद्येसाठी सरकारी पैसा, आजच्या भाषेत अगदी 'स्कीम'.

1849 च्या सुमारास पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. म्हणणं असं, की दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या आणि जातीची अट काढा. लोकहितवादी 'शतपत्रां'तून या दक्षिणेवर टीका करतच होते. जुन्या मंडळींनी एवढं वादळ उठवलं, की अर्ज नेऊन देण्याचीच भीती वाटायला लागली. तेव्हा अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले, संरक्षणाला माणसं घेऊन, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी झाली.

आपण हा प्रसंग समाजसुधारणेच्या धड्यात वाचतो, चार मार्कांसाठी. मला तो आता वेगळा दिसतो. तो एका सरकारी योजनेचा हिशेब होता. पैसे किती वाटले हे त्या पोरांनी विचारलंच नाही, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, या पैशातून नवीन काय उभं राहिलं?

पुढे त्याच दक्षिणेच्या पैशातून कॉलेजात 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. त्यातले एक महादेव गोविंद रानडे. 1859 च्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकमध्ये पास, 1862 ला बीए, 1864 ला एमए. भरभर पुढे जाणारा विद्यार्थी, आणि त्याच्या मागे नियमित येणारा पैसा. रानडे फेलोशिपशिवायही मोठे झाले असते का? कदाचित. पण इतके निवांत वाचू शकले नसते, एवढं नक्की.

आता दुसरं उदाहरण. माझ्या गावापासून जवळच कोरेगावचा जयस्तंभ आहे, जिथे बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला आले होते. त्याच बाबासाहेबांना 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. नंतर बडोद्यात दहा वर्षं नोकरी करायची अट. ते कोलंबियातून लंडनला गेले आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून परतले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळाली नाही. लंडनला पुन्हा जायला 1920 उजाडलं. साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्राचं कर्ज, असं जमवून. शिष्यवृत्ती देशातल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला मिळालेली होती आणि तरीही ती मुदतीच्या आकड्यावर अडली.

म्हणून मला रकमेपेक्षा वेळ महत्त्वाची वाटते. 1959 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं ईबीसी सवलत आणली, वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर फी माफ. त्यात पैसे हातात येतच नाहीत, फीच मागितली जात नाही. उशीर व्हायला जागाच कुठे राहते? माझ्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी शिक्षक त्या तीन अक्षरांवर उभे आहेत. उलट 1992 पासून दारिद्र्यरेषेखालच्या ठरावीक प्रवर्गांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. हो, एक. पुढे वर्षानुवर्षं तो एकच राहिला, पेन्सिलसुद्धा त्यापेक्षा महाग झाली तरी.

एनएमएमएस 2017 पासून वर्षाला 12,000 झाली, म्हणजे महिना हजार. महाराष्ट्राचा कोटा 11,682 मुलांचा. दरवर्षी निवड यादी लागते, शाळेबाहेर फ्लेक्स लागतात, आणि इतकी मुलं पात्र ठरली म्हणून आपण खूश. मला मात्र दुसरी यादी बघायची आहे. आठवीत पात्र ठरलेल्यांपैकी बारावीचा, चौथ्या वर्षाचा पैसा किती जणांनी घेतला? आणि ज्यांनी घेतला नाही ते कुठे गेले? ही यादी शाळेच्या फाटकावर लागली तर तालुक्यातल्या कंपन्यांच्या बस कुणी भरतात, तेही कळेल.

गेल्या फाल्गुन अमावास्येला समाधीच्या गर्दीत तो भेटला. आता तो सुपरवायझर आहे, बरं चाललंय. मुलगी तिसरीत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचं गाईड आत्ताच घेऊ का, म्हणाला. ही राज्याची परीक्षा 1954-55 पासूनची, आधी चौथी-सातवीला, मग पाचवी-आठवीला, आणि 2025 मध्ये पुन्हा चौथी-सातवीला न्यायचं ठरलं. पैसे किती मिळतात हे त्यानं विचारलं नाही. "कधी मिळतात गं?" एवढंच विचारलं.