सांगाड्याने हसायचं कधी?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या दुकानांत हॅलोविनचा बाजार भरतो. डोळे गरगरवणाऱ्या चेटकिणी, जबडा वाजवणारे सांगाडे, हाडांचे कुत्रे. नाताळ जवळ आला की त्यांच्या जागी मान डोलावणारा सांताक्लॉज येतो. यातल्या बहुतेकांच्या अंगावर एक बटण लोंबत असतं, ‘ट्राय मी’. ते दाबलं की सांगाडा खदाखदा हसतो आणि काही सेकंदांत गप्प होतो. पोराटोरांना भिववायला एवढं पुरे. पण घरावर हजारो दिवे चढवून ते गाण्याच्या ठेक्यावर नाचवणाऱ्या हौशी माणसाचं एवढ्यावर भागत नाही. त्याला सांगाडा गाण्याच्या नेमक्या मात्रेवर हसायला हवा असतो, आणि सांगाडा तर स्वतःच्या लहरीने चालतो. हलणारी बाहुली, दिवे आणि आवाज यांना एका तालात बांधायची ही खटपट दिव्यांच्या माळेइतकीच जुनी आहे.

विजेच्या दिव्यांनी सजलेलं पहिलं नाताळचं झाड मुळातच हलतं होतं. एडिसनचा भागीदार एडवर्ड जॉन्सन याने १८८२च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ते उभं केलं. लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे, आणि झाड विजेच्या जोरावर स्वतःभोवती फिरणारं. जॉन्सनला सणाचा उमाळा आला होता असं समजायचं कारण नाही. त्याला विजेचे दिवे खपवायचे होते. न्यूयॉर्कच्या पत्रांनी फारशी दखल घेतली नाही, बातमी केली ती डेट्रॉइटच्या एका बातमीदाराने. दोन वर्षांनी जॉन्सनने १२० दिव्यांचं झाड केलं, तेव्हा मात्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याचं वर्णन छापलं. झाडाभोवती तांब्याच्या पट्ट्या होत्या आणि त्या मधूनमधून तुटक ठेवलेल्या होत्या. झाड फिरे तसा एका गटाचा प्रवाह तुटे, दुसऱ्याचा जुळे, आणि पांढऱ्या दिव्यांत लाल, मग पिवळे मिसळत.

ही युक्ती फार देखणी होती. झाडाचं फिरणं हाच दिव्यांचा हुकूम, त्यामुळे दोघांचा ताल चुकायची सोयच नव्हती.

पुढे मोठ्या दुकानांनी हा खेळ रस्त्यावर आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाच्या काचेआड हलत्या बाहुल्या दिसू लागल्या होत्या. १९३०च्या दशकात लॉर्ड अँड टेलर या दुकानाने तर विकायचा माल बाजूला ठेवून खिडक्यांत सोनेरी घंटा टांगल्या. घंटा झुलत आणि त्यांच्या झोक्याबरोबर ध्वनिमुद्रित घंटानाद ऐकू येई. गणपतीत हलत्या देखाव्यापुढे तासभर उभं राहिलेल्या कोणालाही त्या काचांपुढची गर्दी ओळखीची वाटेल.

खरी उडी घेतली ती वॉल्ट डिस्नेच्या माणसांनी. सुरुवातीला त्यांनी नाचणारा एक वीतभर माणूस बनवला होता आणि त्याच्या हालचाली खाचाखोचांच्या चकत्यांवर कोरल्या होत्या. चकती फिरली की तिच्या उंचवट्याबरोबर पाय उचलला जाई. पण नाच बदलायचा म्हणजे चकत्या नव्याने घडवायच्या. हे किती दिवस परवडणार?

२३ जून १९६३ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘एन्चँटेड टिकी रूम’ उघडली. दीडशेहून जास्त पक्षी, फुलं आणि लाकडी मुखवटे तिथे एकसाथ गात होते. त्यांचं गुपित होतं चुंबकीय टेपमध्ये. गाण्याबरोबरच टेपवर प्रेक्षकांना न ऐकवायचे सूर भरलेले असत. असा सूर वाजला की यंत्रातली धातूची एक पातळ पट्टी थरथरे, मंडल पूर्ण होई, रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच खट्‌कन बसे, हवेची झडप उघडे आणि पोपटाची चोच हले. आवाज आणि हुकूम एकाच फितीवर, म्हणजे दोघांचं घड्याळ एकच. या सगळ्या यंत्रांचा उबारा एवढा, की सभागृहाला वातानुकूलन करणं भाग पडलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात डिस्नेचा अब्राहम लिंकन खुर्चीतून उठून भाषण करू लागला.

ही विद्या महागडी, पण ती फार काळ उद्यानांच्या कुंपणात राहिली नाही. अटारी या व्हिडिओगेम कंपनीवाल्या नोलन बुशनेलने १९७७ साली सॅन होजेला पिझ्झाच्या दुकानात यांत्रिक प्राण्यांची मैफल बसवली. त्याहून नामी कल्पना निघाली ती डिस्नेतून बाहेर पडलेल्या केन फोर्सीची. १९८५ साली बाजारात आलेलं त्याचं टेडी रक्सपिन हे अस्वल पाठीत साधी स्टिरिओ कॅसेट घेऊन गोष्ट सांगे. एका ट्रॅकवर गोष्ट, दुसऱ्यावर डोळे आणि जबडा चालवणाऱ्या मोटरींचे हुकूम. टिकी रूमची तळघरातली सामग्री आता पोराच्या काखेत मावत होती.

दिव्यांची वाट मात्र वेगळी होती. नाटकवाल्यांच्या, दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरसाठी १९८६ साली अमेरिकेत डीएमएक्स-५१२ हे मानक ठरलं. एका तारेवर ५१२ चॅनेल, प्रत्येकावर ० ते २५५ यांतला एक आकडा, आणि सगळी यादी सेकंदाला ४४ वेळांपर्यंत पुन्हा पाठवायची. घरगुती सजावटीत संगणक शिरला तो अशाच आकड्यांच्या हिशेबाने. ओहायोतल्या मेसन गावी कार्सन विल्यम्स या अभियंत्याने २००४ साली लाइट-ओ-रामा कंट्रोलरच्या ८८ चॅनेलवर १६,००० दिवे नाचवले. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून गाणं कमी ताकदीच्या एफएमवर सोडलं. बघ्यांनी गाडीच्या रेडिओवर ऐकायचं. पुढच्या वर्षी त्याचा व्हिडिओ जगभर फिरला, गाड्यांची एवढी रांग लागली की जवळच्या अपघाताकडे पोलिसांना पोचता येईना, आणि विल्यम्सला खेळ बंद करावा लागला.

दिव्यांना ताल मिळाला, आता सांगाड्याचं काय? पहिला मोह होतो त्याचा प्लग सरळ कंट्रोलरच्या चॅनेलमध्ये खोचायचा. इथेच माती होते. डिमर विजेची लाट कापून दिवा मंद करतो. बल्बला ते चालतं, पण मोटर कण्हते आणि तापते. म्हणून त्या चॅनेलला फक्त चालू-बंद एवढंच शिकवायचं, किंवा मध्ये रिले घालायचा. दुसरा उपाय बटणापाशी. पाठीचं झाकण उघडून ‘ट्राय मी’च्या दोन बारीक तारा शोधायच्या, कापायच्या आणि रिलेच्या संपर्कांना जोडायच्या. कंट्रोलरने रिले क्षणभर मिटला की सांगाड्याला वाटतं कोणीतरी बटण दाबलं. टिकी रूमच्या पोपटाला जो ‘खट्’ हलवत होता, तोच हा. वाटलं तर मूळ स्पीकरचीही तार काढायची, म्हणजे गाण्याच्या मध्येच त्याचं स्वतःचं हसू घुसत नाही.

तरी एकदा सुरू झाला की तो त्याची ठरलेली कवायत करूनच थांबणार. गाण्यातल्या शब्दांवर ओठ हलवायचे असतील तर कारखान्यातली सर्किटची पाटी काढून टाकून जबड्याला सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी मोटर लावतात. सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद जातो. तो १ मिलिसेकंदाचा असला तर जबडा एका टोकाला, २चा असला तर दुसऱ्या. डीएमएक्सवरचा ० ते २५५ हा आकडा या दोन टोकांमध्ये वाटून दिला की सांगाडाही दिव्यासारखा आणखी एक चॅनेल होतो. फरक एवढाच की एलईडी हुकूम मिळताच पेटतो आणि जबड्याला मात्र अंतर कापावं लागतं. म्हणून जबड्याचा हुकूम गाण्यातल्या शब्दाच्या किंचित आधी मांडतात. किती आधी, हे त्या मोटरच्या चपळाईवर आणि कवटीच्या वजनावर ठरतं.