आवाज हिंगणघाटचा, चेहरा कुणाचा?

मागच्या पोस्टनंतर एका वाचकाने विचारलं, "तुम्ही एमएस्सी फिजिक्सवाले, मग गायिकांचा इतिहास कशाला लिहिता?" प्रश्न रास्त आहे. माझी पीएचडी प्रसारणाच्या तंत्रज्ञानावर आहे. ट्रान्समीटर, केबल, मोबाईल आपल्या भागात कसे पोहोचले आणि त्यांनी काय बदललं, असा तो विषय. पण तंत्रज्ञान नुसतं मोजून कळत नाही. त्यातून कुणाचं आयुष्य कसं वळलं, हे बघावं लागतं. म्हणून आज आपल्याच वर्धा जिल्ह्यातली एक कहाणी सांगतो. गायिका वैशाली माडे यांची.

माहेर अमरावती जिल्ह्यातलं, सासर हिंगणघाट. वणा नदीकाठचं, कापसासाठी आणि गिरण्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. 2008 मध्ये त्यांनी झी मराठीवरचं 'सा रे ग म प' जिंकलं आणि लगेच 2009 च्या जानेवारीत झी टीव्हीवरची हिंदी स्पर्धाही. लग्न झालेली, तालुक्याच्या गावातली बाई वर्षभराच्या आत दोन भाषांतल्या स्पर्धा जिंकते, ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर मालिकांची शीर्षकगीतं, चित्रपटांची गाणी, आणि 2019 मध्ये थेट 'बिग बॉस मराठी'च्या घरात.

गायिकेचा पडद्यावरच्या चेहऱ्यापर्यंतचा हा प्रवास नवा वाटतो. पण इतिहासात थोडं मागे गेलं की कळतं, की हे सगळं एकदा उलटं घडून गेलंय.

आधी आवाज आणि चेहरा एकच होते

1932 चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट. त्यात दुर्गा खोटे यांनी अभिनयही केला आणि गाणंही स्वतःच गायलं. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी नोंदवायचे, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर जी उभी तीच गाणार. गळा नसेल तर नायिका होणं अवघड.

मग 1935 मध्ये नितीन बोस यांच्या 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आलं. गाणं आधी नोंदवून घ्यायचं, चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवायचं, आणि नटीने फक्त ओठ हलवायचे. फिजिक्सच्या दृष्टीने बघाल तर दोन नोंदींची वेळ जुळवण्याचा हा प्रश्न. पण माणसांच्या दृष्टीने ती एक फाळणी होती. आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा.

फाळणी एका रात्रीत झाली नाही. 'कुंकू' 1937 चा, म्हणजे पार्श्वगायन आल्यानंतरचा. तरी त्यात शांता आपटे स्वतःच गातात. याच शांताबाईंनी 1939 मध्ये करारावरून प्रभात कंपनीच्या फाटकासमोर उपोषण केलं होतं. आवाज आणि चेहरा दोन्ही ज्या बाईकडे आहेत, तिला कंपनीशी भांडता येतं. दोन्ही वेगळे झाले की प्रत्येकीची ताकद अर्धी होते.

पुरावा हवा? 1949 च्या 'महल'मधलं गाजलेलं गाणं लता मंगेशकरांचं. पण सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! आवाजाला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं.

मग टीव्ही आला

1975-76 मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं त्यात होती, महाराष्ट्र मात्र नव्हता. म्हणजे त्या पहिल्या फेरीत आपण प्रेक्षकसुद्धा नव्हतो. ऐंशीच्या दशकात ट्रान्समीटर वाढले, नव्वदीत केबल आली. 1995 मध्ये झीवर 'सा रे ग म' सुरू झालं आणि पार्श्वगायनाने जे तोडलं होतं, ते या कार्यक्रमाने पुन्हा जोडलं. गाणारी बाई दिसायला लागली. तिचं नाव, तिचं गाव, तिच्या घरचे लोक, सगळंच पडद्यावर आलं.

पुढे त्यात मोबाईल जोडला गेला. इथे माझ्या घरची आठवण सांगतो. तेव्हा मी शाळेत होतो. विदर्भात लोडशेडिंग जोरात होतं, आणि आमच्याकडे कॅलेंडरशेजारी लाइन जाण्याच्या वेळा लिहिलेला कागद चिकटवलेला असायचा. कार्यक्रमाच्या ऐन वेळी लाइन गेली की मोठी आई म्हणायची, "बाप्पा, आता तिचं गाणं राहिलंच!" मग दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण पकडायचं. मोठी आई भजनी मंडळात गायची. तिने आयुष्यात एकच एसएमएस केला, तोही माझ्याकडून टाइप करून घेऊन. हिंगणघाटच्या पोरीला मत द्यायचं होतं.

आता संशोधक म्हणून त्या एसएमएसकडे बघतो तेव्हा दोन गोष्टी दिसतात.

पहिली, एसएमएसची मतं म्हणजे डोकी नव्हेत. एक माणूस वीस मेसेज पाठवू शकतो. त्यामुळे 'किती लोकांना आवडलं' हे त्या आकड्यातून कळत नाही, 'किती तीव्रतेने आवडलं' याचा अंदाज येतो. दोन्हींत फरक आहे. ज्या भागातलं कुणी याआधी पडद्यावर फारसं दिसलेलंच नाही, तिथे ही तीव्रता जास्त असणार, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. 'टीव्हीने संधी दिली' हे वाक्य अर्धंच खरं आहे. आपल्याला जिंकलेली एक दिसते. ज्यांच्याकडे प्रवासाचे पैसे नव्हते, ज्यांना घरून परवानगी मिळाली नाही, त्या ऑडिशनपर्यंतच पोहोचल्या नाहीत. आकडेशास्त्रात याला निवडीतला दोष म्हणतात. मोठ्या आईचा गळा चांगला होता असं सगळे म्हणायचे. तिची नोंद कुठेच नाही.

जिंकल्यावर काय?

2015 च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' आला. त्यातल्या 'पिंगा'वर पडद्यावर दीपिका पदुकोण आणि प्रियांका चोप्रा नाचतात. आवाज श्रेया घोषाल आणि वैशाली माडे यांचे. 2019 च्या 'कलंक'मध्ये पुन्हा याच दोघींचं एकत्र गाणं, पडद्यावर आलिया भट आणि माधुरी दीक्षित. गंमत बघा, श्रेया घोषालही 'सा रे ग म'मधूनच पुढे आलेल्या, आणि त्यांना 2002 च्या 'देवदास'मध्ये पहिली मोठी संधी देणारे संजय लीला भन्साळीच 'पिंगा'चे संगीतकार.

म्हणजे टीव्हीने चेहरा दिला, पण सिनेमात गेल्यावर पुन्हा 1935 चाच नियम लागू झाला. देशभर गाणं वाजलं, नाच आठवला, आवाज कुणाचा हे किती जणांना माहीत आहे? तुमच्या घरी विचारून बघा.

त्यातून नावाचाही घोळ आहे. कुठे 'वैशाली माडे', कुठे 'म्हाडे', कुठे 'भैसने-माडे'. नोंदी शोधताना मला तिन्ही रूपं वेगवेगळी तपासावी लागली, आणि मध्येच वैशाली सामंत यांची गाणी त्यांच्या नावावर टाकलेली सापडली. 'कामिनी'इतकं वाईट नाही, पण आवाजाची नोंद नीट ठेवायची नाही ही सवय जुनीच.

अशा वेळी गायिकेने पुन्हा टीव्हीकडे वळणं मला समजतं. आर्या आंबेकर 'लिटिल चॅम्प्स'मधून येऊन 2017 च्या 'ती सध्या काय करते'मध्ये नायिका झाली. वैशाली माडे 2019 च्या मे महिन्यात सुरू झालेल्या 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वात गेल्या. त्या अंतिम फेरीआधी बाहेर पडल्या. ते पर्व जिंकला शिव ठाकरे, तोही अमरावतीचाच.

'बिग बॉस' म्हणजे अभिनय का, यावर वाद घाला. माझं मत, तीही एक भूमिकाच असते, फक्त पात्राचं नाव तुमचंच असतं. गाण्यात तीन मिनिटांत काम संपतं. इथे आठवडेच्या आठवडे बोलायचं, भांडायचं, स्वयंपाक करायचा, आणि सगळं कॅमेऱ्यासमोर. गाण्यात आपला वऱ्हाडी हेल लपतो, बोलण्यात लपत नाही. शांताबाईंना एकाच चित्रपटात आवाज आणि चेहरा दोन्ही मिळाले होते. आजच्या गायिकेला ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन मिळवावे लागतात.

माझे गाइड विचारतात, "यात इतिहास कुठे आहे?" माझं उत्तर असं, की मशीन बदललं की कोण दिसणार आणि कोण नुसतं ऐकू येणार, हे बदलतं. तो बदल इतिहासच आहे, आणि तो हिंगणघाटलाही घडतो.

मोठी आई आता नाही. तिचा आवाज आमच्याकडे कुठल्याच कॅसेटवर नाही, मोबाईलवर नाही. तुमच्या घरात कुणी गाणारी आई, मावशी, आजी असेल, तर आजच तिचं एक गाणं रेकॉर्ड करून ठेवा. आणि फाइलला तिचं पूर्ण नाव द्या.