भिंतीतले कुटार

नागपूरजवळचे बेसा आता इमारतींनी गजबजले आहे. तिथली आमची मातीची जुनी भिंत गेल्या उन्हाळ्यात पाडली, तेव्हा मजुराने चार घाव घातले तरी ढेकूळ सुटेना. भेगेच्या दोन्ही काठांना गव्हाच्या कुटाराने धरून ठेवले होते.

नुसती माती वाळताना आकसते आणि तडकते. दाब ती सोसते, ताण सोसवत नाही. तो ताण काडी आपल्या अंगावर घेते; मात्र मातीने काडीला घट्ट धरले तरच! कुटार फार झाले, तर माती पुरत नाही आणि भिंत भुसभुशीत होते. आजी हे माप पायांनी गारा तुडवता तुडवताच ओळखत असे.

ही विद्या फार जुनी. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या गिलाव्यातही तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेचे तंतू निघाले! (आपल्याला भांग म्हटली की शिमगा आठवतो, त्या कारागिरांना दोर आठवला असावा.) पुरातत्त्व खात्यात पूर्वी रसायनज्ञ असलेले राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली हे प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, म्हणून तिथे किड्यांनी चित्रे पोखरली आणि वेरूळचा गिलावा वाचला, असे त्यांचे म्हणणे.

मला ते पटते. आमच्या भिंतीत एके ठिकाणी वाळवीची वाट निघाली. तिथले कुटार पार खाल्लेले होते, आणि नेमकी तिथेच भिंत पहिल्या घावाला सुटली.