कान्हेरीतला मुक्काम आणि नाशिकचा दाता

राष्ट्रीय उद्यानात मुक्काम म्हटलं की तंबू किंवा वनखात्याचं विश्रामगृह आठवतं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र सुमारे २००० वर्षांपूर्वीची मुक्कामाची जागा आहे, कान्हेरीची लेणी. इथे १०० हून अधिक लेणी आहेत, त्यांतली बरीचशी राहण्यासाठी कोरलेली. आत दगडी ओटा, बाहेर पावसाच्या पाण्याचं टाकं. राहायचे बौद्ध भिक्खू. खर्च कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनीही उचलला, असं तिथले शिलालेख सांगतात. सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवीत आपली नावंही तिथे कोरून ठेवली.

आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांतही असाच एक दाता भेटतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे शक, मूळ बाहेरचा. त्याने ३००० कार्षापणं विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेवली. मुद्दल शाबूत, व्याजातून भिक्खूंचा खर्च. शिवाय गोवर्धन, सोपारा, भडोच, दशपूर इथे निवारे बांधले. व्याजाची गोष्ट सोडली, तर वक्फमागची नियतही हीच: मूळ मालमत्ता राखायची, तिचा फायदा गरजूंना आणि मुसाफिरांना.

आज भाड्याची खोली बघायला गेलं की आधी नाव विचारतात. मग मला हे दगडी ओटे आठवतात.